माळव्याच्या रात्री आणि आमची छपरे

'शबे मालवा' म्हणून ज्या रात्रींची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या गाइली गेली, त्या रात्री आज इंदुरातील सामान्य कुटुंबाच्या वाट्याला फारशा येत नाहीत. सूर्यास्तानंतर माळव्याच्या पठारावरचा वारा निवतो हे खरे. परंतु दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची साठविलेली उष्णता नेमकी त्याच वेळी खालच्या खोलीत सोडू लागते. बाहेर गारवा आणि घरात भट्टी, असा हा उफराटा प्रकार आहे. ज्याची ऐपत आहे तो वातानुकूलन यंत्र बसवून विजेचे बिल भरतो. ज्याची नाही तो पत्र्याखाली रात्र जागून काढतो आणि सकाळी कामावर जातो.

याच इंदुरात १ जानेवारी २०२१ रोजी केंद्र सरकारच्या 'लाइट हाउस' योजनेतील १,०२४ घरांची पायाभरणी झाली. तेथील भिंतींसाठी विटांऐवजी कारखान्यात घडविलेले तक्ते योजण्यात आले. सिमेंटच्या दोन पातळ फळ्यांमध्ये थर्माकोलचे मणी मिसळलेले मिश्रण असते आणि त्या मण्यांत कोंडलेली हवा उष्णतेची वाट अडविते. साधन नवे असले तरी तत्त्व जुनेच आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, कौलांच्या फटींतून खेळणारा वारा आणि खाली माळा, एवढ्या सामग्रीवर आमच्या पूर्वजांनी हेच साधले होते. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी हा तर घरोघरचा नेमच होता.

आम्ही मात्र कौले उतरवून स्लॅब टाकले. ते गळू लागताच त्यांवर पत्रे चढविले. इंदूरची हवा कोरडी, म्हणून तेथे दुपारी खिडक्या मिटून रात्री उघडाव्यात. आमच्या दमट किनाऱ्यावर घर बंद करून भागत नाही, वारा खेळताच राहिला पाहिजे. म्हणून येथे पहिला उपाय छपरावरच व्हावयास हवा. स्लॅबच्या वरच्या अंगाला उष्णतारोधक थर, त्यावर जलरोधक थर आणि सर्वांवर ऊन परतविणारा पांढरा रंग, हा त्याचा क्रम होय. ज्याला हे परवडत नाही त्याने निदान चुन्याचा हात दिला तरी खालच्या खोलीला फरक जाणवतो.

परंतु हे केवळ सदिच्छेवर सोडून चालणार नाही. घर बांधणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, हीच खरी मेख आहे. इमारत बांधून विकणाऱ्यास छपरावर अधिक खर्च करण्याचे कारण नसते आणि भाडेकरूस तो करण्याचा अधिकार नसतो. केंद्राने २०१८ साली 'इको-निवास संहिता' प्रसृत करून छतातून व भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालून दिली. तिला कायद्याचे बळ देणे मात्र राज्यांच्या हाती आहे. बांधकामाचा परवाना देताना सांडपाण्याची सोय विचारली जाते. त्याचप्रमाणे छताचीही विचारपूस व्हावी आणि सरकारी घरकुलांपासून तिचा आरंभ व्हावा, अशी आमची मागणी आहे. गरिबाला घर देऊन त्याची झोप काढून घेणे, याला गृहनिर्माण म्हणता येणार नाही.