‘तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?’

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला, तर अनेक जण त्यांच्या बाजूनं ठामपणे उभे राहिले. भांडण काहीही असो, ते ख्रिस्ती आहेत याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नव्हती. तरीही शेजारच्या लातुरात आणि नांदेडमध्ये स्थळ बघताना, घर भाड्यानं देताना सहज विचारलं जातं, “तुम्ही ख्रिश्चन की कॅथलिक?” वारकरी माणसाला “तुम्ही हिंदू की वारकरी?” असं कुणी विचारत नाही. इथं मात्र विचारतात, आणि विचारणाऱ्यांत इतर धर्मांचे लोक असतात तसे ख्रिस्तीही असतात.

याचं कारण मला आपल्याकडच्या मिशनच्या इतिहासात दिसतं. निजामाच्या राज्यात जालन्याला रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनचं काम उभं केलं आणि जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. औरंगाबादेत अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटी आली. शेजारच्या बिदर भागात मेथडिस्ट होते. हे सगळे प्रॉटेस्टंट. कॅथलिकांचं काम घोगरगावच्या आसपास फ्रेंच मिशनऱ्यांनी रुजवलं. पण मराठवाड्यासाठी औरंगाबादचा वेगळा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली झाला. नांदेड आणि लातूर त्यातच येतात. जिथं जे मिशन आधी पोचलं, तिथं ‘ख्रिश्चन’ म्हणजे त्या मिशनची माणसं असं रूढ झालं असावं. मागून आलेल्यांना मग दुसरं नाव पडलं.

वस्तुस्थिती अशी की ख्रिस्ती हा धर्म आहे आणि कॅथलिक हा त्यातला सर्वांत मोठा पंथ. जगात कॅथलिकांची संख्या सव्वाशे कोटींच्या वर आहे. साधारण निम्मे ख्रिस्ती कॅथलिकच आहेत. येशू हा देवाचा पुत्र आहे, तो मरण पावून पुन्हा उठला, देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिएक आहे, हे ज्या निकियाच्या मतांगीकारात सांगितलं आहे तो इ. स. ३२५ आणि ३८१ च्या परिषदांमधून आला. कॅथलिक तो रविवारच्या मिस्सात म्हणतात. १९७० साली नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तोच मानते, आणि मेथडिस्टही. कॅथलिक ख्रिस्ती नाहीत असं धरलं, तर प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरच्या आधी, म्हणजे १५१७ पर्यंत, पश्चिम युरोपात जवळजवळ कुणीच ख्रिस्ती नव्हतं असं म्हणावं लागेल. मराठीपुरतं बोलायचं तर फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ही ख्रिस्ती साहित्यातून बाद करावं लागेल. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेला, सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ एका जेझुइट कॅथलिक धर्मगुरूचा आहे.

“ते मरियेची आणि मूर्तींची पूजा करतात”

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच, आणि तो मनापासून घेतला जातो म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. आराधना फक्त देवाची; येशूची आई मरिया, संत आणि त्यांच्या प्रतिमा यांना मान द्यायचा, आराधना त्यांची करायची नाही, हा भेद इ. स. ७८७ च्या दुसऱ्या निकिया परिषदेनं स्पष्ट केला आणि कॅथलिक चर्चची शिकवण आजही तीच आहे. जपमाळेतली मरियेची प्रार्थना लक्ष देऊन ऐका. पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातल्या देवदूताच्या आणि अलिशिबेच्या अभिवादनावरून घेतला आहे. दुसऱ्या भागात तिनं आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करावी, एवढीच विनंती आहे. आपल्या पास्टरला किंवा आजीला “माझ्यासाठी प्रार्थना करा” म्हणणारा प्रॉटेस्टंट माणूसही विनंतीच करत असतो. स्वर्गवासी संतांना अशी विनंती करावी की नाही, यावर दोन्हीकडचे मतभेद खरे आहेत आणि ते मिटलेले नाहीत. पण ल्यूथरनंही १५२१ मध्ये मरियेच्या स्तोत्रावर आदरानं भाष्य लिहिलं होतं. सामान्य भाविक गर्दीत, मेणबत्ती लावताना, हा भेद नेहमी पाळतो का? नाही पाळत. ती त्रुटी भाविकाची आहे, आणि तिच्याबद्दल कॅथलिक धर्मगुरू स्वतःच बजावत असतात.

“त्यांचं बायबल वेगळं आहे”

नवा करार तोच, २७ पुस्तकांचा. जुन्या करारात कॅथलिकांची सात पुस्तकं जास्त आहेत, म्हणून एकूण ७३ आणि ६६ असा फरक पडतो. दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते कोणत्याही मराठी प्रॉटेस्टंट घरात वाचलं तर येशूच्या गोष्टी ओळखीच्याच निघतील.

पोपची गोष्ट थोडक्यात. पोपला कॅथलिक देव मानत नाहीत. त्याच्या प्रत्येक वाक्याला ते अचूकही मानत नाहीत. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेनं ठरवलेली अचूकता श्रद्धा आणि नीतीविषयी, संपूर्ण चर्चसाठी, अधिकृत पदावरून केलेल्या घोषणेपुरती आहे. त्यानंतर अशी उघड घोषणा १९५० साली मरियेच्या स्वर्गारोहणाबद्दल झाली.

“कॅथलिक लोक कर्मानं तारण मिळतं असं मानतात,” हाही जुना आरोप. तारण देवाच्या कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासामुळे मिळतं, अशा समान मांडणीवर कॅथलिक आणि ल्यूथरनांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्गला संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ साली जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. आपल्याकडच्या व्यासपीठांवरून हा आरोप अजूनही होतो, याचं मला वाईट वाटतं.

“कॅथलिक माणसाला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो, म्हणजे तो आधी ख्रिस्ती नव्हताच”

काही पेन्टेकोस्टल आणि बाप्टिस्ट मंडळ्या पुन्हा बाप्तिस्मा देतात, हे खरं. पण त्यांना बालबाप्तिस्माच मान्य नसतो. त्यामुळे लहानपणी पाणी लावलेल्या मेथडिस्टाला किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सभासदालाही त्या तेच सांगतील. त्यातून कॅथलिकांविषयी वेगळं काही सिद्ध होत नाही. उलट पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाण्यानं दिलेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च वैध मानतं आणि तो पुन्हा देत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ च्या ऐक्यविषयक निर्णयात अशा सर्वांना बंधू म्हटलं. प्रभुभोजन मात्र कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अजून एकत्र घेत नाहीत, आणि हा फरक लहान नाही.

कायद्यालाही हा भेद धर्माचा वाटत नाही. १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा कॅथलिकांच्या लग्नविधीसाठी काही वेगळ्या तरतुदी ठेवतो, पण त्यांना ख्रिस्ती म्हणूनच धरतो. १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेत अल्पसंख्याकांच्या यादीत नुसतं ‘ख्रिस्ती’ असं म्हटलं आहे, पंथांची नावं नाहीत. दाखल्यावर धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहावं, कुटुंब कोणत्याही चर्चचं असो.

लग्नाच्या बाबतीत हे सगळं अगदी व्यवहारात उतरतं. कॅथलिक मुलगी आणि बाप्तिस्मा झालेला प्रॉटेस्टंट मुलगा यांच्या लग्नाला कॅथलिक चर्चकडून परवानगी पुरते. मुलाचा बाप्तिस्माच झालेला नसेल, तर वेगळी सूट मिळवावी लागते आणि ती नसेल तर ते लग्न चर्चच्या नियमानं वैध ठरत नाही. म्हणून नांदेड-लातूरच्या आईवडिलांनी आधी दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले शोधून ठेवावेत, आणि तारीख ठरवण्याआधी फादर आणि पास्टर दोघांनाही भेटावं.