नोकरी सांभाळून एमबीए : सुरतकरांसमोरच्या वाटा

शहरातच : उधना-मगदल्ला रस्त्यावरचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ (स्थापना 1965). इथल्या व्यवस्थापन विभागात दिवसाच्या एमबीएसोबत नोकरदारांसाठी संध्याकाळच्या वर्गांची परंपरा आहे. उधना, लिंबायत भागांतल्या खानदेशी कुटुंबांना हा पर्याय घरापासून जवळ.

घरबसल्या : 1985 मध्ये स्थापन झालेल्या इग्नूचा एमबीए. चार सत्रांचा अभ्यास, किमान कालावधी दोन वर्षे. कामाचा ताण वाढला तर जास्त मुदत घेता येते.

अहमदाबादमार्गे : आयआयएम अहमदाबादने 2017 मध्ये नोकरदारांसाठी दोन वर्षांचा ई-पीजीपी सुरू केला. बहुतेक तासिका ऑनलाइन, काही दिवस प्रत्यक्ष संस्थेत. तिथलाच पीजीपीएक्स (2006 पासून) मात्र एक वर्षाचा, पूर्णवेळ आणि निवासी. त्यासाठी नोकरीतून बाहेर पडावे लागते.

पदवी की प्रमाणपत्र? विद्यापीठ देते ती एमबीए पदवी. अनेक स्वायत्त संस्था देतात ती पीजीडीएम पदविका. तिला एआयसीटीईची मान्यता आहे का, ते पाहावे. काही महिन्यांच्या ‘लीडरशिप’ अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र कौशल्यासाठी उपयोगी, पण जिथे पदव्युत्तर पदवीची अट असते तिथे ते चालत नाही.

पैसे भरण्यापूर्वी : दूरस्थ वा ऑनलाइन अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण मंडळाच्या यादीत, त्याच वर्षासाठी आहे का, हे तपासा. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. फीचा वाटा कंपनी उचलणार असेल, तर त्याबदल्यात किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही, हे लेखी घ्या.