गोदामांच्या गावात, गोदाम न लागणारा माल

भिवंडीत माणकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे वळलं की पत्र्याची छपरं सुरू होतात आणि दापोडे, वळ, राहनाळ, पूर्णा असं करत संपता संपत नाहीत. टायर, तांदूळ, टीव्ही, चपला, औषधं, सायकली, काय म्हणाल ते इथे थप्पीला लागलेलं असतं. मात्र याच तालुक्याच्या जमिनीखालून असा एक माल सरकतोय ज्याची थप्पी लागत नाही, ज्याला हमाल लागत नाही आणि ज्याला गोदाम असं नसतंच. नैसर्गिक वायू! तो ज्या पाइपातून येतो तो पाइपच त्याचं गोदाम. या धंद्यातली माणसं पाइपातल्या या साठ्याला ‘लाइनपॅक’ म्हणतात.

एक सोपा हिशेब करून बघा. ‘गेल’ या वायू कंपनीने समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकलेली मुंबई-नागपूर वाहिनी २४ इंची आहे. अशा पाइपाच्या एका मीटरचं पोट पाव घनमीटरहून थोडंसं मोठं. आत हवेच्या सत्तरपट दाब धरला, तर त्या एका मीटरभर पाइपात साधारण वीस घनमीटर वायू बसतो. घरातल्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरमध्ये जेवढी आंच असते, जवळपास तेवढीच ही झाली. म्हणजे दर मीटरला एक सिलिंडर, आणि लाइन सुमारे सातशे किलोमीटरची! इतका माल साठवणारं गोदाम भिवंडीतल्या कुठल्याच शेठकडे नाही.

वसईचं नाव, माल हजिऱ्याला

आपल्या शेजारच्या वसईच्या नावाने समुद्रात एक वायुक्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या जहाजाने १९७४ मध्ये मुंबई हायला तेल शोधलं, त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, हे वसई क्षेत्र सापडलं. मुंबई हायचा वायू उरणला उतरतो. वसईचा मात्र गुजरातेत हजिऱ्याला जातो. या वायूत गंधकाचा आंबटपणा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो काढून टाकण्याचा कारखाना हजिऱ्याला आहे. आपल्या किनाऱ्यासमोरचा माल आधी उत्तरेला जाऊन धुऊन घ्यावा लागतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा काढून बसलो होतो.

अलिबागजवळच्या थळला ‘आरसीएफ’चा खत कारखाना उभा राहिला तोही समुद्रातल्या वायूच्या भरवशावर. शेतकरी शेतात जो पांढरा दाणेदार युरिया फेकतो, तो मुळात वायूच असतो. वायूतून हायड्रोजन, हायड्रोजनमधून अमोनिया आणि अमोनियातून युरिया.

टिटवाळ्याच्या गणपतीला जाताना

टिटवाळ्याजवळ, कल्याण तालुक्यात म्हसकळ नावाचं गाव आहे. बाप्पाच्या दर्शनाला जाणाऱ्या बहुतेकांना ते माहीत नसतं. पण देशाच्या वायूच्या नकाशावर म्हसकळ ठळक आहे. आंध्रच्या काकिनाड्याहून निघून गुजरातच्या भरूचपर्यंत जाणारी सुमारे १,४०० किलोमीटरची पूर्व-पश्चिम वाहिनी इथून जाते आणि गुजरातच्या दहेजहून उरण, पनवेलकडे येणाऱ्या ‘गेल’च्या वाहिनीशी तिचा सांधा इथे जुळतो. पूर्वेचा वायू आणि पश्चिमेचा वायू यांचं जंक्शन म्हणजे हे म्हसकळ. रेल्वेत कल्याणचं जे स्थान, तेच वायूच्या बाबतीत कल्याण तालुक्याच्या या कोपऱ्याचं.

त्यात आता समृद्धीची भर पडली आहे. महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमणे हे गाव भिवंडी तालुक्यातलं. माल ज्या रस्त्याने नागपूरला जाणार, त्याच रस्त्याच्या कुशीतून वायूची लाइनही जाते. रस्ता आणि इंधन एकाच पट्ट्यात मिळणं ही वाहतूकदारासाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि भिवंडीइतके वाहतूकदार एका जागी सापडणारी गावं महाराष्ट्रात बोटावर मोजण्याइतकीच.

सहाशे ट्रकांचा माल एका ट्रकात

वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि तो सहाशेपट आकसतो. हाच एलएनजी. कतारहून जहाजाने दहेजला तो २००४ पासून येतोय. महाराष्ट्राचं स्वतःचं बंदर गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाजवळ. तिथे पहिलं जहाज २०१३ मध्ये लागलं, पण लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजं येऊच शकत नव्हती.

ट्रकवाल्यांना यात गोडी आहे ती टाकीमुळे. सीएनजी दोनशे बारच्या दाबाने भरतात. आपल्या मोटारीच्या चाकात असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट दाब हा! त्यासाठी जाड पोलादी नळकांडी लागतात, ती वजन खातात, आणि लांब पल्ल्याला तरीही पुरत नाहीत. एलएनजीची टाकी म्हणजे मोठा थर्मास. एकदा भरली की ट्रक शेकडो किलोमीटर न थांबता जातो. चाकणला ‘ब्लू एनर्जी मोटर्स’ने २०२२ मध्ये एलएनजीवर चालणारे अवजड ट्रक बांधायला सुरुवात केली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, नागपुरात एलएनजी पंप उघडला तो ‘बैद्यनाथ’ समूहाने. हो, च्यवनप्राशवालेच! पुढे ‘महानगर गॅस’ने त्यांच्याशीच भागीदारी केली. समृद्धीच्या नागपूरच्या टोकाला पंपाची सुरुवात झाली आहे आणि दुसऱ्या टोकाला, भिवंडीत, ट्रक उभे आहेत. पडघ्यापासून वडप्यापर्यंत ज्यांच्याकडे हमरस्त्यालगत दोन-तीन एकर जागा आहे, त्यांनी आणखी एक गाळा बांधण्याआधी एलएनजी पंपाचा विचार जरूर करावा असं मला मनापासून वाटतं.

कापडाची हजामत

भिवंडी म्हटलं की आधी माग. देशातल्या यंत्रमागांचा फार मोठा हिस्सा या एका शहरात खडखडतो. माग विजेवर चालतात, त्यामुळे वायूचा त्यांच्याशी काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, पण मागाच्या आधी आणि नंतर.

आधी येतं साइझिंग. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून ते कांजीतून काढतात आणि वाफेने तापलेल्या मोठमोठ्या ढोलांवरून फिरवून वाळवतात. वाफ म्हणजे बॉयलर आला. बॉयलर म्हणजे कोळसा किंवा लाकूड, त्याच्यासाठी मोकळी जागा, भट्टीत फावड्याने माल टाकणारा माणूस, राखेचा ढीग आणि धुराडं. सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर काळे कण बसणं म्हणजे काय, हे साइझिंगच्या शेजारी राहणाऱ्या बायकांना विचारा.

नंतर येतं प्रोसेस हाउस. मागावरून उतरलेला ग्रे ताका जवळून बघितलाय का? उजेडाकडे तिरका धरला की त्यावर बारीक लव दिसते. ती राहिली तर रंग धड चढत नाही, छपाई फुटकी येते. म्हणून कापडाची चक्क हजामत करतात. वायूच्या निळ्या ज्योतीची लांबच लांब पट्टी पेटलेली असते आणि तिच्यावरून ताका मिनिटाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने पळतो. लव जळते, कापडाला धक्का लागत नाही. याला सिंजिंग म्हणतात. वेग मंदावला तर कापड करपणार, म्हणून यंत्र थांबलं की बर्नर आपोआप बाजूला वळतो. जळका वास, वर खेचून घेणारा पंखा आणि खाली लगेच ठिणग्या विझवणारं पाणी. या कामाला कोळसा चालतच नाही. ज्योत सारखी आणि स्वच्छ लागते, म्हणजे वायूच हवा.

त्यापुढे स्टेंटर. रुंदी धरून कापड वाळवणारं हे लांबलचक यंत्र थेट वायूवर तापवता येतं. तापलेल्या तेलाची मधली फेरी त्यात वाचते. जुन्या बॉयलरला वायूचा बर्नर बसवणं, दोन्ही इंधनांवर चालणारी जोडणी करणं, पाइप टाकणं, दाबाचे रेग्युलेटर तपासणं ही सगळी कामं इथल्याच फिटरांना, वेल्डरांना शिकता येण्यासारखी आहेत.

मग सगळे वायूवर का जात नाहीत?

भावामुळे. एप्रिल २०२३ पासून देशातल्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा भाव कच्च्या तेलाच्या दहा टक्क्यांशी बांधला आणि त्याला तळ आणि छत घातलं. किरीट पारीख समितीच्या शिफारशींतून हे झालं. पण त्या स्वस्त वायूवर पहिला हक्क घरच्या चुलीचा आणि सीएनजी गाड्यांचा. कारखानदाराला बाजारभावाचा, बरेचदा जहाजाने आलेला वायू मिळतो. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये तो भाव असा भडकला की अनेकांनी वायूकडे जाण्याचा विचार बाजूला ठेवला.

दुसरी गोम कराची. नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि कापडवाल्याला त्याची वजावट मिळत नाही. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून हा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून थेट ३ टक्क्यांवर आणला, हे फार चांगलं झालं. तरी वायू जीएसटीत येईपर्यंत छोट्या साइझिंगवाल्याचं गणित कोळशाकडेच झुकत राहणार. त्याला दोष देऊन हवा स्वच्छ होणार नाही, त्याचं बिल कमी करावं लागेल.

एक वायू, पाच तराजू

जहाजावर तो टनात मोजतात. करारात एमएमबीटीयूमध्ये, मुख्य वाहिनीत दिवसाला लाख घनमीटर अशा हिशेबात, घरच्या बिलात एससीएममध्ये, म्हणजे प्रमाणित घनमीटरमध्ये, आणि रिक्षात किलोमध्ये. एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण २५ ते २८ घनमीटर, वायूच्या प्रतीप्रमाणे. कोटेशन हातात आलं की आधी कुठला तराजू आहे ते बघावं. डॉलरमधला एमएमबीटीयूचा आकडा बघून वायू स्वस्त वाटतो आणि बिल घनमीटरमध्ये रुपयांत आलं की घाम फुटतो.

आणि त्याहून आधी विचारायचा प्रश्न: आपली जागा कोणाच्या हद्दीत? भिवंडी शहर १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महानगर गॅस’च्या क्षेत्रात येतं. ठाणे ग्रामीण आणि पालघर ‘गुजरात गॅस’कडे. गाळा महापालिकेत की ग्रामपंचायतीत यावर अर्ज कुठे करायचा ते ठरतं, आणि भिवंडीत ही हद्द कुठून कुठे जाते हे भल्याभल्यांना चटकन सांगता येत नाही.

वास विकत घेतलेला

नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. शहराच्या वेशीवरच्या केंद्रात त्यात मर्कॅप्टन मिसळतात, म्हणून गळती नाकाला कळते. तो हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा एलपीजी जड, खाली साचतो. म्हणून पाइप गॅसच्या स्वयंपाकघरात वरची झडप किंवा जाळी उघडी ठेवायची, ती फळी ठोकून बंद करायची नाही.

नैसर्गिक वायू अलीकडचा असला तरी मुंबईत पाइपातला गॅस दीडशे वर्षांहून जुना. लालबागची गॅस कंपनी लेन त्याची साक्ष. कोळशापासून केलेल्या वायूचे दिवे मुंबईच्या रस्त्यावर १८६५ मध्ये लागले.

रिक्षाच्या सीटखाली

सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासणी करावी लागते. हायड्रो टेस्ट. टाकी उतरवायची, रिकामी करायची, पाणी भरून दाब द्यायचा, फुगते का बघायचं, पट्टीवर तारीख ठोकायची. भिवंडी, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातल्या रिक्षा, टेम्पो, छोटे हत्ती मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही, आणि यातल्या प्रत्येक सीएनजी गाडीला हे काम चुकत नाही. परवाना घेऊन, नीट यंत्र आणून हे केंद्र चालवणं हा बारमाही धंदा आहे. चालकाचा त्या दिवशीचा रोज बुडतो, म्हणून जो सकाळी टाकी घेऊन दुपारी परत देईल त्याच्याकडे रांग लागते.

तबेल्यातली खाण

तालुक्यात म्हशींचे तबेले आहेत आणि शेणाचं करायचं काय हा रोजचा प्रश्न. शेण, भाजीपाला, ओला कचरा यांच्यापासून निघालेला वायू शुद्ध केला की तो सीएनजीच्या जागी सरळ चालतो. १ ऑक्टोबर २०१८ ला केंद्राने ‘सतत’ योजना आणली ती यासाठी. आता शहरी गॅस कंपन्यांना असा वायू मिसळणं बंधनकारक होत चाललंय: २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढे ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५. म्हणजे गिऱ्हाईक आधीच ठरलेलं आहे. अवघड आहे ते रोज ठरल्या वजनाचं, माती-प्लास्टिक नसलेलं शेण गोळा करणं. एकट्या तबेलेवाल्याला ते झेपणार नाही. दूध गोळा करणाऱ्या सोसायट्या जशा झाल्या, तशा शेणाच्या व्हाव्यात.

एवढंसं भोक

पाइप गॅस येतो तेव्हा मुख्य रस्त्याखाली पोलाद असतं, गल्लीत पिवळा प्लास्टिकचा पाइप, भिंतीवर जीआय आणि ओट्याजवळ रबरी नळी. या शेवटच्या शंभर मीटरमध्ये सगळ्यात जास्त हात लागतात. खणणारे, पाइप चढवणारे, भिंतीला भोक पाडणारे, मीटर लावणारे. भिवंडीच्या मुलांसाठी मला सगळ्यात खात्रीचं काम दिसतं ते इथे.

मी हे एकदा ओट्याशी उभं राहून पाहिलंय. फिटर विशीतला पोरगा. त्याने शेगडी उलटी केली, बर्नर काढला आणि आतला पितळी जेट पान्याने सोडवला. तांदळाच्या दाण्याएवढा. पाइपातल्या वायूत सिलिंडरच्या वायूइतकी आंच नसते, म्हणून तेवढीच ज्योत मिळवायला जास्त वायू सोडावा लागतो आणि जेटचं भोक मोठं करावं लागतं. पिशवीतून त्याने केसाहून जरा जाड ड्रिल काढलं, चिमटीत धरून जेटमध्ये हलकेच फिरवलं, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा एक वेढा दिला. जेट बसवला, साबणाचं पाणी सांध्यावर लावलं, बुडबुडा येत नाही बघितलं. मग काडी लावली. ज्योत जरा पिवळी आली. त्याने हवेची चकती किंचित फिरवली आणि ती निळी झाली. त्या घरच्या मावशींनी लगेच दुधाचं पातेलं ठेवलं. पोरगा मीटरचा नंबर लिहून घेऊन वर गेला, त्या मजल्यावर अजून चार घरं बाकी होती.