भिरूड, गेंड्या भुंगा आणि नावातला कंस

वर्गीकरण शिकवायला घेतले की मुले संघ, वर्ग, गण, कुल ही नावे पाठ करू लागतात. परीक्षा संपते आणि नावेही विसरली जातात. या पायऱ्या नेमक्या कशासाठी आहेत? आपण कोकणातल्या दोन भुंगेऱ्यांवरून पाहू.

आंब्याच्या खोडाला भोक पडते, त्यातून भुसा बाहेर येतो, पुढे फांद्या वाळतात. ही कीड म्हणजे भिरूड. नारळाचा कोवळा शेंडा कुरतडतो तो गेंड्या भुंगा. दोघांचेही पुढचे पंख कडक, ढालीसारखे. म्हणून दोघांचा गण एकच, कोलिऑप्टेरा म्हणजे ढालपंखी.

कुलाच्या पायरीवर मात्र वाटा फुटतात. भिरुडाच्या भुंगेऱ्याच्या मिशा शरीराहून लांब असतात आणि डोळ्याला पडलेल्या खाचेतून निघतात. त्याचे कुल सेरँबिसिडी. त्यातही कपाळ सरळ उभे आणि तोंड खाली वळलेले, म्हणून उपकुल लॅमिइनी. गेंड्या भुंग्याच्या मिशा आखूड, टोकाला पानांसारख्या चकत्या असलेल्या. त्याचे कुल स्कॅरॅबिडी.

हा फरक केवळ मिशांचा नाही. भिरुडाची अळी सरळ, बिनपायाची असते आणि जिवंत खोडात बोगदे करत वाढते. गेंड्याची अळी अर्धगोल वाकलेली, सहा पायांची असते आणि शेणखतात किंवा कुजलेल्या लाकडात वाढते. म्हणून भिरुडासाठी भोकात तार घालून अळी काढावी लागते, तर गेंड्यासाठी खताचा खड्डा उपसून पाहावा लागतो. कुल चुकले तर मेहनत चुकीच्या जागी जाते आणि झाड हातचे जाते.

आता नाव पाहू. शास्त्रीय पुस्तकांत भिरुडाचे नाव असे असते : बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा (डी गीर, १७७५). 'रुफोमॅक्युलाटा' म्हणजे तांबड्या ठिपक्यांची. भुंगेऱ्याच्या मानेमागे तसे दोन ठिपके दिसतात. पण कंस कशाला? स्वीडनच्या कार्ल डी गीर यांनी १७७५ साली या जातीचे वर्णन केले, तेव्हा तिला 'सेरँबिक्स' प्रजातीत घातले होते. लिनियसने १७५८ साली केलेल्या या प्रजातीत लांब मिशांचे कितीतरी भुंगेरे एकत्र होते. बारकाईने पाहिल्यावर त्यांतले फरक कळले, वेगळ्या प्रजाती झाल्या आणि आपला भुंगेरा 'बॅटोसेरा'त आला. जातीचे मूळ वर्णन ज्याने केले त्याचे नाव कायम राहते. प्रजाती बदलली याची खूण म्हणजे कंस. गेंड्या भुंग्याच्या नावापुढेही कंसात 'लिनियस, १७५८' असते.

वर्गात करून पाहा. मुलांना दिव्याखाली मेलेले भुंगेरे आणायला सांगा. नावे सांगू नका. मिशा, तोंड, पंख पाहून त्यांना गट पाडू द्या आणि प्रत्येक गटाचे कारण विचारा. नवा भुंगेरा आला की एखादा गट मोडावा लागेल. तो खुशाल मोडू द्या. डी गीर यांच्या भुंगेऱ्याचेही तसेच झाले.