मार्चअखेरची वसुली

घरपट्टी वसुलीचा खरा दिवस रविवार. शहापूर तालुक्यात आसनगाव, आटगाव, खर्डीहून कल्याण-ठाण्याकडे जाणारी माणसं इतर दिवशी अंधारातच लोकल पकडतात आणि अंधार पडल्यावर परततात. उरलेली वीटभट्टीवर असतात. मधल्या वेळात दार उघडते ती म्हातारी, आणि तिचं उत्तर ठरलेलं, "पोरगा आला का देतो." म्हणून मार्च महिन्यात ग्रामपंचायतीच्या क्लार्कला सुट्टी नसते. अशा एका क्लार्कबरोबर मी पाड्यापाड्यांतून फिरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते शेजारच्या कुठल्याही गावाचं असू शकलं असतं.

त्याच्या पिशवीत मागणी नोंदवही असते, म्हणजे नमुना 9. सोबत पावतीपुस्तक, नमुना 10, कार्बन आणि शिक्का. अलीकडे त्यात क्यूआर कोडचा लॅमिनेट केलेला कागदही आलाय. तो दाखवला की तरुण पोरं मोबाईल काढतात आणि म्हातारी माणसं त्याच्याकडे संशयाने बघतात. पैसे दिले तर हातात कागद आला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. पावतीवर रकाने असतात घर, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी असे, आणि भांडण होतं ते शेवटच्या रकान्यावर.

"पानी येत नाय, पट्टी कसली मागतोस?" एका ओटीवरून सवाल आला.

"काकी, पाणीपट्टी वेगळी, घरपट्टी वेगळी. पाण्याची राहू दे, घराची तरी द्या."

"मंग दिव्याची कशाला धरलीस? खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद हाय."

क्लार्कने वहीच्या कडेला पेन्सिलने खूण केली आणि आम्ही पुढे निघालो. त्या खुणेचा अर्थ 'परत यावं लागेल'. त्याच्या वहीत अशा खुणा पानोपानी होत्या.

रक्कम म्हणाल तर मोठी नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांची वर्षाची पट्टी काही शेकड्यांतच होती. ग्रामपंचायतीला करआकारणीचा अधिकार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने दिला, कलम 124. पूर्वी आकारणी क्षेत्रफळावर होई. 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि ती भांडवली मूल्यावर आली. आता रेडी रेकनरचा जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक हे सगळं धरून मूल्य काढायचं आणि दर हजारी काही पैसे कर लावायचा. कुडाच्या घराला कमी, स्लॅबच्या घराला जास्त. हे गणित समजावून सांगणारा क्लार्क मला भेटला, समजून घेणारा घरमालक भेटला नाही. घरमालक विचारतो, शेजाऱ्याची किती आहे?

आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरली तर पाच टक्के सूट मिळते आणि वर्ष उलटलं तर पाच टक्के दंड लागतो. सुटीचा लाभ घेणारे थोडे, कारण मुळात बिलच उशिरा हातात पडतं. बिलानंतर मागणीचा हुकूम, त्यानंतर जप्ती, असा रस्ता कलम 129 मध्ये आहे. पण क्लार्क त्याच गावचा. ज्याच्या घरच्या लग्नाला पंगतीत बसायचं, त्याच्या घरातला टीव्ही उचलून कसा आणायचा? जप्ती कागदावरच राहते. फार तर लोकअदालतीची नोटीस जाते. कोर्टाचं नाव वाचून दोन-चार जण येतात, तडजोडीने भरतात.

खरी वसुली होते ती उताऱ्यामुळे. घराचा नमुना 8 चा उतारा, ज्याला आमच्याकडे असेसमेंट म्हणतात, तो बँकेच्या कर्जाला लागतो, वीजमीटरला लागतो, घरकुलाच्या फायलीला लागतो. माणूस तो मागायला आला की ग्रामसेवक थकबाकीचं पान उघडतो. (2024 पासून त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गाव त्यांना अजून 'भाऊसाहेब'च म्हणतं.) दुसरा हंगाम निवडणुकीचा. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा कलम 14 खाली सदस्यपदाला अपात्र ठरतो, त्यामुळे वर्षानुवर्षं न भरलेली पट्टी उमेदवारी अर्जाच्या आदल्या दिवशी रोखीने येते. म्हणजे गाव पट्टी भरतं ते कागदासाठी. दिवा, गटार, नळ यांचा मोबदला म्हणून पट्टी देणारा विरळा. ही सवय ग्रामपंचायतीनेच लावली, असं माझं मत आहे.

वसुलीच्या टक्केवारीत सगळ्यात जास्त गुंतलेला असतो तो ग्रामपंचायतीचा कर्मचारी. त्याच्या पगारातला शासनाचा हिस्सा वसुलीला बांधलेला आहे. ही अट काढा म्हणून त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत. पाणी सोडणारा माणूस स्वतः पगाराविना आणि लोक त्यालाच विचारणार, पाणी का नाही.

जमलेल्या स्वनिधीतून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे असतात. पगार दिला की उरतं ते ब्लीचिंग पावडर आणि मोटारीच्या दुरुस्तीपुरतं. मोठा पैसा वरून येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले 80 टक्के थेट ग्रामपंचायतीला मिळतात, पण त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्याखालचा निधीही आहे. या पैशाला आराखडा लागतो, ऑनलाइन मंजुरी लागते. गावाने आज ठरवून उद्या खर्च करावा असा पैसा एकच, स्वतःच्या पट्टीचा. तोच सगळ्यात थोडा.

तो थोडा का, याचं उत्तर फक्त थकबाकीदारांत शोधून चालणार नाही. शहापूर आणि मुरबाड ही तालुक्याची ठिकाणं 2015 मध्ये नगरपंचायती झाली. दुकानांचे गाळे, बँका, दवाखाने, लॉज त्यांच्याच हद्दीत. आसपासच्या ग्रामपंचायतींकडे कौलारू घरं आणि मुंबईकरांच्या बंगल्यांचे प्लॉट. बंगलेवाल्याचं बिल कुंपणाच्या फाटकात खोचावं लागतं. पुढच्या वर्षी ते तिथेच पिवळं पडलेलं सापडतं. शहापूर तालुक्याची सगळ्यात मोठी संपत्ती म्हणजे पाणी. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं आणि आज मुंबईच्या सात तलावांत साठणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं असतं. त्याची पाणीपट्टी मुंबईत जमा होते आणि उन्हाळ्यात कसाऱ्याच्या बाजूच्या पाड्यांवर टँकर फिरतो. धरण उशाला, कोरड घशाला, असं इथले लोक उगाच म्हणत नाहीत.

मुरबाडची गोष्ट आणखी वेगळी. रेल्वे नाही, एसटी आणि कल्याणचा रस्ता एवढाच आधार. औद्योगिक वसाहत आली तेव्हा घराघरातला एकेक जण कंपनीत लागला होता. सवलती संपल्या तशा एकेक शेडला कुलपं लागली, असं जुने कामगार सांगतात. बंद शेडची पट्टी वहीत मागणी म्हणून दरवर्षी वाढत राहते आणि गावाची वसुलीची टक्केवारी खाली ओढते. ती वसूल करायला ज्याच्या दारात जायचं, तो मालक मुंबईतसुद्धा सापडत नाही. तसा मुरबाडला कर नवा नाही. वैशाखऱ्याच्या वर नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात सातवाहनांच्या काळी जकात टाकत असं सांगतात. तो किती टक्के भरला हे जिल्हा परिषदेला कळवायची सक्ती तेव्हा नव्हती.

आता गावाच्या तिजोरीत अचानक पैसा येतो तो जमीन विकली गेल्यावर. खरेदीखतावरच्या एक टक्का वाढीव मुद्रांक शुल्कातला वाटा अनुदान म्हणून, उशिराने का होईना, ग्रामपंचायतीकडे येतो. भातशेती गेली की गावाचं उत्पन्न वाढतं. अशा उत्पन्नावर पुढच्या दहा वर्षांचा बेत आखणारा सरपंच मी पाहिला आणि मला ते पटलं नाही, कारण तीच जमीन दुसऱ्यांदा विकायला गावाकडे राहत नाही.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या वाचकांना एक सांगणं. पट्टी सप्टेंबरच्या आत भरा आणि सूट मागून घ्या. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत पहिली ग्रामसभा घ्यावी लागते आणि कलम 8 प्रमाणे तीत मागच्या वर्षाचा जमाखर्च मांडावा लागतो. त्या सभेला जा, आणि स्वनिधीचा हिशेब रकान्यागणिक वाचून दाखवल्याशिवाय प्रोसिडिंगवर सही करू नका.