धरण भरायचं की थांबायचं? पानशेत आणि निर्णयाचं गणित

आपल्या श्रोत्यांमध्ये भिलाई-दुर्गकडचे बरेच तरुण इंजिनिअर आहेत. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "सर, संभाव्यता कॉलेजात शिकलो, परीक्षेत गुणही मिळाले. पण साइटवर तिचा उपयोग काय?" आज एका खऱ्या घटनेवरून त्याचं उत्तर देतो. आकडेमोड आहे, पण बेरीज-गुणाकाराच्या पलीकडची नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

घटना आहे १२ जुलै १९६१ची. पुण्याच्या वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं झालेलं नव्हतं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडायची जी वाट असते, तिला विमोचक म्हणतात. त्या विमोचकाचंही काम अपुरं होतं. तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. जुलैत जोराचा पाऊस झाला, पाणी झपाट्याने चढलं आणि धरणाचा माथा खचू लागला. फौजेच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं. ते पाणी खाली मुठेवरच्या खडकवासला धरणावर आलं, तेही फुटलं, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

दोष कोणाचा, हा आपला आजचा विषय नाही. आपला प्रश्न असा आहे : अशा वेळी निर्णय घ्यायचा कसा?

फौजेत कोणतीही मोहीम आखण्याआधी अधिकारी 'अप्रिसिएशन' लिहितो. उद्दिष्ट काय, परिस्थिती काय, आपल्यापुढे पर्याय किती, प्रत्येकाचा फायदा-तोटा काय, आणि शेवटी निर्णय. निर्णय-विश्लेषण हेच करतं, फक्त त्यात प्रत्येक शक्यतेपुढे एक आकडा लिहावा लागतो. आकडा लिहिला की गोडगोड बोलून निभावून नेता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पहिली गोष्ट, 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर'. हे शब्द ऐकून लोकांना वाटतं, गेल्या वर्षी येऊन गेला, आता नव्व्याण्णव वर्षं चिंता नाही. तसं नाही. याचा अर्थ, दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का. पन्नास वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा पन्नास वेळा गुणाकार. उत्तर सुमारे ०.६०. म्हणजे पन्नास वर्षांत निदान एकदा तरी येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास. बांधकाम चालू असताना तर आपण आणखी छोट्या पुराची तयारी ठेवतो. समजा वीस वर्षांतून एकदा येणारा पूर धरला आणि काम तीन पावसाळे चाललं, तर त्या काळात तो ओलांडला जाण्याची शक्यता १४ टक्के होते. सातातून एकदा!

आता छोटं उदाहरण. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. शिवनाथ नदीवर पुलाच्या पायाचं काम आहे. पाणी अडवायला तात्पुरता बांध घालायचाय. ठेंगणा बांध १० लाखांत होतो, पण एका पावसाळ्यात त्यावरून पाणी जाण्याची शक्यता २० टक्के. उंच बांधाला २५ लाख लागतात, तिथे ही शक्यता २ टक्के. पाणी आत शिरलं तर बांधाच्या दुरुस्तीसकट नुकसान ८० लाखांचं.

ठेंगणा बांध : १० अधिक ८० चे २० टक्के म्हणजे १६. एकूण २६ लाख. उंच बांध : २५ अधिक ८० चे २ टक्के म्हणजे १.६. एकूण २६.६ लाख. याला अपेक्षित खर्च म्हणतात. एका पावसाळ्यासाठी दोन्ही जवळजवळ सारखे, ठेंगणा किंचित स्वस्त.

पण काम दोन पावसाळे लांबलं तर? ठेंगण्याचे ४२ लाख होतात, उंचाचे २८.२. निर्णय पार उलटला! म्हणून साइटवर पहिला प्रश्न हा विचारा : हे काम खरंच एका हंगामात संपणार आहे का? ठेकेदार 'हो' म्हणेल. गेल्या पाच कामांत काय झालं, ते रजिस्टर काढून बघा.

आणि त्या बांधाखाली मजुरांच्या झोपड्या असतील तर हे लाखांचं गणित तिथेच थांबवायचं. आधी झोपड्या हलवायच्या, मग गणित. अपेक्षित खर्च ही सरासरी असते. ज्याचं घर वाहून जातं, त्याच्या वाट्याला सरासरी येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. समजा कोणी म्हणालं, पानशेत फुटण्याची शक्यता हजारात एक, खडकवासला फुटण्याची हजारात एक, म्हणजे दोन्ही फुटण्याची दहा लाखांत एक. काळजी नसावी. हा गुणाकार चूक आहे. गुणाकार तेव्हाच करायचा, जेव्हा दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसतो. इथे वरच्या धरणाचं सगळं पाणी खालच्यावर येणार होतं. वरचं फुटलं की खालचं फुटण्याची शक्यता हजारात एक राहत नाही, ती जवळजवळ खात्रीच होते. म्हणजे दोन्ही फुटण्याची शक्यतासुद्धा हजारात एकच्या जवळपास. एका चुकीच्या गुणाकाराने धोका हजारपट लहान दिसला.

खडकवासला हे जुनं, दगडी, एकोणिसाव्या शतकात रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन फाइफ यांनी उभारलेलं धरण. त्याच जलाशयाच्या काठी आपली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. त्या धरणाने जवळजवळ आठ दशकं चोख काम केलं होतं. ते ज्या पाण्यासाठी बांधलं होतं, ते पाणी वेगळं आणि १२ जुलैला आलेलं पाणी वेगळं. तुमच्या कारखान्यातही हेच तपासा. मुख्य पंप आणि राखीव पंप एकाच वीजवाहिनीवर असतील, तर तुमच्याकडे दोन पंप नाहीत, दीडही नाहीत.

तिसरी गोष्ट, इशारा कधी द्यायचा? पुन्हा समजुतीचे आकडे. पावसाळ्यात एखादं अपुरं धरण आज रात्री फुटण्याची शक्यता हजारात एक धरू. लोकांना हलवण्याचा खर्च, त्रास, बोलणी, सगळं मिळून १ एकक. न हलवता धरण फुटलं तर नुकसान १०० एकक. मग नियम सोपा आहे : फुटण्याची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली की हलवायचं. हजारात एक म्हणजे ०.१ टक्का, तेव्हा नुसत्या पावसावर गाव हलवत नाही.

आता माथा खचताना दिसला. समजा फुटणाऱ्या धरणांपैकी ८० टक्क्यांत असं खचणं आधी दिसतं, न फुटणाऱ्यांत २ टक्क्यांत दिसतं. एक लाख रात्री घ्या. फुटण्याच्या रात्री १००, त्यातल्या ८० मध्ये खचणं दिसेल. न फुटण्याच्या ९९,९००, त्यातल्या १,९९८ मध्ये दिसेल. एकूण २,०७८ वेळा खचणं दिसलं, त्यातल्या ८० वेळा धरण फुटलं. शक्यता झाली सुमारे ४ टक्के. एका खुणेने ती जवळजवळ चाळीसपट वाढली आणि आपल्या १ टक्क्याच्या रेषेपार गेली. लोक हलवायचे. यालाच बेझचा नियम म्हणतात.

पण नीट बघा. शंभरात ९६ वेळा धरण फुटणारच नाही! लोक परत येऊन शिव्या घालतील, वर्तमानपत्रं हसतील, वरिष्ठ जाब विचारतील. तरीही निर्णय बरोबरच होता. निर्णयाची परीक्षा त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर करायची, नंतर काय झालं त्यावर नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा : धोका पत्करला आणि काही झालं नाही, म्हणून तो निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. नशिबाने वाचलेल्या माणसाला आपण फार वेळा अनुभवी म्हणतो.

शेवटची गोष्ट, कोणत्याही शक्यतेपुढे शून्य लिहू नका. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानलं जायचं. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला. धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. एकदा शून्य लिहिलं की पुढे कितीही खुणा दिसल्या, तुमचं गणित त्यांच्याकडे बघणारच नाही. लहान आकडा लिहा, पण लिहा.

पानशेतचं धरण पुन्हा बांधलं गेलं. त्या जलाशयाला आज तानाजीसागर म्हणतात. देशात धरण सुरक्षेचा कायदा व्हायला मात्र २०२१ साल उजाडलं.

आता गृहपाठ. तुमच्या कामावरचा एक निर्णय निवडा, जो सध्या 'बघू पुढे' म्हणून लोंबकळतोय. त्याचे पर्याय लिहा, 'थांबणे' हासुद्धा एक पर्याय म्हणून धरा. प्रत्येकापुढे शक्यता आणि नुकसान लिहा. कोणती खूण दिसली की निर्णय बदलाल, ते आजच, डोकं थंड असताना लिहून तारीख टाका. पाणी चढायला लागल्यावर कोणी शांतपणे गुणाकार करत बसत नाही.

पुढच्या भागात, आणखी एक चाचणी करावी की नाही, म्हणजे माहितीची किंमत किती, हे बघू. जय हिंद.