गळाला मासा केव्हा लागतो?

नरडाण्याच्या उत्तरेस वाहणाऱ्या तापीत, विशेषतः सुलवाडे बॅरेजमुळे साचलेल्या पाण्यात, गळाला मासा केव्हा लागेल हे पंचांगापेक्षा पाण्याचे तापमान आणि त्यात विरघळलेला प्राणवायू यांवर अधिक अवलंबून असते. मासा शीतरक्ताचा, म्हणजे भोवतालच्या पाण्यानुसार शरीराचे तापमान बदलणारा प्राणी असल्याने थंडीत त्याचे पचन मंदावते व भूकही कमी होते. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय रात्री पाणवनस्पती व शेवाळ प्राणवायू केवळ वापरतात, त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण नीचांकी असते. भल्या पहाटेचा गळ सर्वांत फलदायी, हा समज म्हणूनच खानदेशच्या वैशाखात साचलेल्या पाण्यावर तपासून घेण्याजोगा आहे. मरळ मात्र याला अपवाद, कारण तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेतो.

पावसाळ्यात रोहू, कटला आणि मृगळ यांचा विणीचा काळ असतो, पाणीही गढूळ होते. अंडी धरलेल्या माद्या तेव्हा न पकडणेच इष्ट. पूर ओसरून पाणी निवळू लागले, की आश्विन-कार्तिकात भरपूर खाद्य, पुरेसा प्राणवायू आणि सुसह्य तापमान एकत्र येतात, आणि गळकऱ्यांची पसंती बहुधा याच दिवसांना मिळते.